डायलिसिस : आठवड्यातील बारा तास

गतवर्षी दिवाळीनंतर एक सद्गृहस्थ माझ्या कार्यालयात आले. वडिलांच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त रुग्णालयास एक डायलिसिस यंत्र द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. वडिलांची अखेरची दोन वर्षे आपल्याच डायलिसिस विभागात, खिडकीजवळच्या खाटेवर जाऊन-येऊन गेली होती. बोलता बोलता त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, “एका यंत्रावर किती माणसे जगतात?”

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. असा प्रश्न आला की हात आपोआप कागदाकडे जातो. डायलिसिसच्या एका सत्रास चार तास लागतात. सत्र संपल्यावर यंत्र निर्जंतुक करून पुढील रुग्णासाठी सज्ज करण्यास आणखी काही वेळ जातो. म्हणजे सकाळ, दुपार व सायंकाळ अशा दिवसाच्या तीन पाळ्या आणि रविवार वगळता सहा दिवस, मिळून आठवड्याची अठरा सत्रे. प्रत्येक रुग्णास आठवड्यातून दोनदा घेतले तर नऊ माणसे, तीनदा घेतले तर सहा. मी दोन्ही आकडे लिहून कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो काही वेळ न्याहाळला आणि विचारले, “मग यातले बरोबर उत्तर कोणते?”

त्या दिवशी त्यांचे समाधान होईल असे उत्तर मला देता आले नाही. विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने या वार्षिक अहवालाची काही पाने त्या प्रश्नासाठी घेत आहे. यातील वैद्यकीय भाग आपल्या मूत्रपिंडविकार तज्ज्ञांनी नजरेखालून घातला आहे. हिशेबात काही उणे-अधिक असल्यास तो दोष सर्वस्वी माझा.

मुठीएवढ्या आकाराची आपली दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातील जवळजवळ सर्व शरीरास परत देतात आणि दीड-दोन लिटर मूत्राच्या रूपाने बाहेर टाकतात. हे काम आठवड्याचे १६८ तास अखंड चालते. मूत्रपिंडे निकामी झाली की तेच काम आपण यंत्राकडून आठवड्यातील बारा तासांत करवून घेऊ पाहतो, आणि आपल्याकडील पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत तर आठच तासांत. उरलेल्या वेळात प्यालेले पाणी शरीरात साठत राहते, रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि त्याचा भार हृदयावर पडतो. पुढील सत्रात साचलेले सर्व चार तासांत काढावयाचे असते. रुग्ण यंत्रावरून उठतो तेव्हा गळून का गेलेला असतो, हे नातेवाइकांनी यावरून ध्यानात घ्यावे.

जगभर साधारणपणे मान्य असलेला प्रघात आठवड्यातून तीन सत्रांचा आहे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे वार धरले, तर शुक्रवारनंतर शनिवार व रविवार असे दोन दिवस लागोपाठ डायलिसिसविना जातात. तीनदा डायलिसिस घेणाऱ्या अमेरिकेतील सुमारे ३२ हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. या लांबलेल्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे, तसेच हृदयविकाराने रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा अधिक असल्याचे त्यात आढळले. आता आपला रुग्ण पाहा. तो सोमवारी आणि गुरुवारी येतो. एकदा दोन दिवस मोकळे, एकदा तीन दिवस मोकळे. तिकडे जो खंड आठवड्यातील सर्वांत धोक्याचा ठरला, तो आपल्या रुग्णाचा सर्वांत लहान खंड आहे. हा हिशेब मी प्रथम मांडला त्या दिवशी घरी गेल्यावरही तो डोक्यातून जाईना.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ज्यांची मूत्रपिंडे अद्याप थोडेफार काम करीत आहेत आणि ज्यांना बऱ्यापैकी लघवी होते, अशा काही रुग्णांना तज्ज्ञ विचारपूर्वक दोनच सत्रांवर ठेवतात. त्यांच्या नातेवाइकांनी हे वाचून घाबरून जाऊ नये. प्रश्न आहे तो ज्यांना तीन सत्रे हवीत असे डॉक्टरांनी कागदावर लिहिले आहे आणि जे दोनच घेतात त्यांचा.

सहा की नऊ, हा प्रश्न काही आपल्याच रुग्णालयात जन्मलेला नाही. कृत्रिम मूत्रपिंडाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो विश्वस्तांच्या कामाशी फार जवळचा आहे. जर्मन फौजांच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये, काम्पेन या छोट्या गावी, विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांनी १९४३ मध्ये मांसाचे सॉसेज भरण्याच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले यंत्र उभे केले. आरंभीच्या रुग्णांच्या बाबतीत अपयशच पदरी आले. १९४५ मध्ये ६७ वर्षांच्या एका वृद्धेचा जीव त्या यंत्राने वाचला. परंतु दरवेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागत असल्याने एकाच रुग्णाचे डायलिसिस वर्षानुवर्षे करीत राहणे शक्य नव्हते. ती अडचण १९६० मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी दूर केली. हातात कायम बसवून ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी त्यांनी वापरली. त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर अकरा वर्षे जगला.

आणि तेथेच पेच उभा राहिला. यंत्रे मोजकी, मरणाच्या दारातील रुग्ण अनेक. मग शहरातील प्रतिष्ठित नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. तीत वकील होते, धर्मोपदेशक होते, बँकेतील अधिकारी होते, गृहिणी होती, कामगार पुढारी होते. वय, मुलेबाळे, नोकरी, समाजातील स्थान असे सगळे पाहून कोणास यंत्र द्यावे हे ही मंडळी ठरवीत. १९६२ मध्ये ‘लाइफ’ या साप्ताहिकाने हा प्रकार प्रसिद्ध केल्यावर मोठी खळबळ उडाली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेने कायदा करून बहुतेक सर्व नागरिकांच्या डायलिसिसचा भार शासनाच्या योजनेवर घेतला. त्या समितीविषयी आज आपण नापसंती दर्शवतो. तथापि आपल्या डायलिसिस साहाय्य समितीच्या मासिक बैठकीचे इतिवृत्त मी लिहितो, म्हणून सांगतो की रिकाम्या झालेल्या जागी जुन्या रुग्णास तिसरे सत्र द्यावे की दारातील नव्यास घ्यावे, हा विषय आपल्याही टेबलावर असतो. आपण जात-धर्म-प्रतिष्ठा पाहत नाही. परंतु निवड करावी लागते, हे खरे आहे.

आता यंत्राच्या खर्चाकडे वळू. यंत्र ही एकदाच करावयाची खरेदी आहे. ते चालते ते मात्र रोज लागणाऱ्या गोष्टींवर, आणि त्यांत पहिला मान पाण्याचा.

डायलायझर म्हणजे केसासारख्या बारीक पोकळ तंतूंची जुडी. तंतूंच्या आतून रुग्णाचे रक्त वाहते व बाहेरून औषधी द्रावण. हे द्रावण सामान्यतः मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने सोडतात. चार तासांचे झाले १२० लिटर. एका यंत्राची आठवड्याची अठरा सत्रे धरली तर २,१६० लिटर. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो व त्यातील पुष्कळसे दोष आपले आतडे आणि मूत्रपिंडे निस्तरतात. डायलिसिसच्या रुग्णास ते संरक्षण नाही. त्याचे रक्त आणि १२० लिटर पाणी यांच्यामध्ये केवळ एक पातळ पडदा असतो. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी घातलेला क्लोरीन आपणास उपकारक, पण तोच या रुग्णांच्या तांबड्या पेशी फोडतो. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू या शहरी, पाणीटंचाईच्या काळात टँकरने आणलेले अपुरे शुद्ध केलेले पाणी डायलिसिसला वापरले गेले. त्यात शेवाळातील विष होते. पन्नासच्या आसपास रुग्ण यकृत निकामी होऊन दगावले. यंत्रांत बिघाड नव्हता.

म्हणून आपल्या विभागामागील खोलीत पाणी वाळूच्या गाळणीतून, क्षार कमी करणाऱ्या टाकीतून, कोळशाच्या थरातून आणि शेवटी आर.ओ. संयंत्रातून जाते. रोज सकाळी पहिला रुग्ण यंत्राला जोडण्यापूर्वी तंत्रज्ञ क्लोरीनची तपासणी करून वहीत सही करतो. एप्रिल-मे महिन्यांत नगरपालिकेचे पाणी एक दिवसाआड होते आणि आपणासही टँकर मागवावा लागतो. त्या दिवसांत टँकर कोठल्या विहिरीवर भरला, हे विचारण्याची सवय मी लावून घेतली आहे. संयंत्रातून टाकाऊ म्हणून निघणारे पाणी स्वच्छतागृहांना व बागेला देतो. गुलमोहर त्यावरच वाढला आहे. माझ्या एवढ्या वर्षांच्या सेवेत यंत्रावर आपल्या आप्ताचे नाव असावे असे म्हणणारे अनेक दाते भेटले. कोळशाच्या टाकीवर नाव हवे, असे म्हणणारा कोणी भेटला नव्हता.

पाण्यानंतर डायलायझर व नळ्या, द्रावण, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन, रक्तवाढीसाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने आणि लोह. कावीळ ‘ब’ची बाधा असलेल्या रुग्णांसाठी यंत्र निराळे ठेवावे लागते. असे रुग्ण थोडे असल्याने ते यंत्र काही पाळ्यांना रिकामेच राहते. लेखापरीक्षकांनी एकदा त्याबद्दल विचारणा केली होती. ते रिकामे ठेवणे हाच इतर रुग्णांच्या सुरक्षिततेचा खर्च आहे, असे मी उत्तरात लिहिले आणि त्यांनी ते मान्य केले. शिवाय तंत्रज्ञ. दोन वर्षे काम शिकून तरबेज झालेला मुलगा मोठ्या शहरातील अधिक वेतनावर जातो, आणि त्याला दोष देता येत नाही.

यासाठी पैसा कोठून येतो? मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवतात आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. २०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू होऊन पुढे सर्वत्र लागू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०२३ च्या निर्णयाने तिचे वार्षिक संरक्षण कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत वाढले. तीत डायलिसिसचा समावेश आहे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतूनही ही सोय होऊ लागली. या योजनांचे मोल मोठे आहे. पूर्वी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पैसे संपले म्हणून येणे बंद करणारे रुग्ण आम्ही पाहत होतो. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे केवळ रिकामे रकाने राहत.

परंतु खाटांचे प्रमाण ठरवणारी व्यवस्था बऱ्या होणाऱ्या आजाराचा विचार करून आखलेली आहे. अपेंडिक्सचा रुग्ण चार दिवस खाट अडवतो आणि घरी जातो. डायलिसिसचा रुग्ण खाट अडवतच नाही. तो वर्षातून १५६ वेळा येतो आणि पुढील वर्षीही येणार असतो. निधीतील २ टक्क्यांत इतर सर्व विभागांचे निर्धन रुग्णही असतात. त्यामुळे हा निधी वर्ष संपण्याच्या पुष्कळ आधी संपतो व उरलेली तूट देणग्यांतून भरावी लागते.

आणखी एक गोष्ट कोणत्याच योजनेच्या दरपत्रकात नाही, ती म्हणजे घरी परत जाणे. आपली तिसरी पाळी रात्री दहाच्या सुमारास संपते. तालुक्याच्या बहुतेक गावांकडे जाणारी शेवटची एस.टी. तोवर कधीच गेलेली असते. तिकिटात सवलत असली तरी बसच नसेल तर तिचा उपयोग नाही. फाट्यावर उतरून पुढे तीन-चार किलोमीटर गावात जावयाचे असते, ते निराळेच. परिणामी खेड्यातील रुग्णास पहिली किंवा दुसरीच पाळी लागते आणि तिसरीत शहरातील रुग्णच बसतात. म्हणजे मी त्या सद्गृहस्थांना सांगितलेली अठरा सत्रे खेड्यातील माणसासाठी अठरा नाहीतच, बाराच आहेत. यंत्र तेच, वीज तीच, आणि तरी एक तृतीयांश वेळ त्यांच्यासाठी नाही. कागदावरील माझी चूक मला स्वतःलाच नंतर कळली.

बरोबर येणाऱ्याचा दिवस बुडतो तो वेगळाच. शेतमजुरी करणारे आपले एक रुग्ण सोमवार-गुरुवारचे होते. ऐन पेरणीत गुरुवारी ते आले नाहीत. रविवारी मध्यरात्रीनंतर त्यांना जीपमधून आणले तेव्हा त्यांना आडवे होता येत नव्हते. फुफ्फुसांत पाणी भरले होते. तंत्रज्ञास घरून बोलावून यंत्र सुरू केले. सकाळी त्यांच्या पत्नीस मी थोड्या चढ्या आवाजात विचारले की गुरुवारी का आणले नाही. त्या म्हणाल्या, “साहेब, पाऊस पडला होता. पेरणी थांबत नाही.” अतिदक्षता विभागातील त्यांच्या दोन दिवसांचा खर्च चुकलेल्या एका सत्राच्या कितीतरी पट झाला, हे मी नंतर मांडून पाहिले. त्यांच्यासमोर ते बोललो नाही. ते गृहस्थ सुदैवाने सावरले व आता तीनदा येतात.

नातेवाइकांस दोन-तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. भेटीस येणारी मंडळी प्रेमाने शहाळे आणतात. डायलिसिसच्या रुग्णास शहाळे वर्ज्य आहे, कारण त्यातील पोटॅशियम त्याच्या हृदयाची लय बिघडवू शकते. आंब्याच्या दिवसांतही आहारतज्ज्ञांस विचारल्याविना आग्रह करू नये. लोणचे-पापड बंद केल्यास तहान कमी लागते, आणि तहान कमी लागली की पाण्यावरून घरात होणारी भांडणेही कमी होतात. ज्या हातावर फिस्टुला, म्हणजे धमनी व नीला जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया, झालेली आहे, त्या हाताचा रक्तदाब मोजू देऊ नये, त्यात सुई टोचू देऊ नये, त्यावर जड पिशवी घेऊ नये. तो हात म्हणजे यंत्राकडे जाण्याचा रस्ता आहे. ही शस्त्रक्रिया उपयोगात येण्यास साधारण सहा आठवडे वा अधिक काळ लागतो, म्हणून ती डायलिसिस सुरू होण्याच्या आधीच करून घेणे उत्तम. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्ण धाप लागल्यावरच प्रथम येतात आणि मानेत नळी घालून सुरुवात करावी लागते, जीतून जंतुसंसर्गाचा धोका राहतो. मधुमेह व उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन तपासले, आणि दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या टाळल्या, तर यातील कित्येकांची आपल्या विभागाशी ओळख वर्षानुवर्षे लांबेल.

योग्य रुग्णास प्रत्यारोपण हा अधिक चांगला मार्ग होय. १९९४ च्या कायद्याने त्यास शिस्त आली. मेंदूमृत दात्यांची संख्या अपुरी असल्याने बहुतांश मूत्रपिंडे जवळच्या नातलगांकडून मिळतात, आणि देशभर पाहता देणाऱ्यांत आई, पत्नी, बहीण यांचीच संख्या फार मोठी आहे, घेणाऱ्यांत पुरुषांची. कारणे नातेवाइकांनी आपापल्या घरी शोधावीत.

ते सद्गृहस्थ फेब्रुवारीत पुन्हा आले. मी त्यांना पाण्याची खोली दाखवली, वही दाखवली आणि अठरा व बाराची माझी दुरुस्तीही सांगितली. त्यांनी यंत्राचा विचार सोडला. देणगीतील एका भागातून संयंत्राचे जुने पडदे व कोळशाची टाकी बदलली. दुसऱ्या भागातून तिसऱ्या पाळीच्या रुग्णांना रात्री गावी सोडण्यासाठी एक वाहन व चालक यांची तीन वर्षांची तरतूद झाली. ते वाहन सध्या दोन मार्गांवर आलटून-पालटून जाते. वडिलांच्या नावाची पाटी पाण्याच्या खोलीच्या दारावर आतील बाजूस लावली आहे, कारण बाहेरून ‘प्रवेश निषिद्ध’ असे लिहावे लागते. सकाळची तपासणी करणारा तंत्रज्ञ ती रोज वाचतो.

वाहनामुळे तिसऱ्या पाळीत आता खेड्यातील रुग्णही बसू लागले आहेत. डॉक्टरांनी तीन सत्रे लिहून दिलेली असूनही दोनच घेणाऱ्यांपैकी काहींना तिसरे सत्र देता आले. सर्वांना अद्याप देता आलेले नाही. साहाय्य समितीची पुढील बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. मंगळवारच्या तिसऱ्या पाळीतील एक जागा रिकामी आहे आणि तिच्यासाठी माझ्याकडे चार अर्ज आले आहेत.